जोडी टिकेपर्यंत

बाळारामचा उजवा हात जड झाला तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. कसोटीचा पाचवा दिवस. भारताला जिंकायला अजून दोनशे एकवीस धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक होते. दत्तोपंतांना वेळ इतकी नेमकी ठाऊक होती, कारण कसोटी बघणाऱ्या माणसाचा दिवस घड्याळानं चालतच नाही. तो पाण्याच्या सुट्टीनं, जेवणानं आणि चहानं चालतो. पाण्याच्या सुट्टीला दहा मिनिटं होती.

"मास्तर, हात जड झालाय माझा," बाळाराम म्हणाला. "कुना दुसऱ्याचा आनून मांडीवर ठेवल्यासारखा वाटतो."

"हात हलव, दादा," अनंता म्हणाला. "बूड हलवू नको."

दोघंही हसले. दत्तोपंतही हसले.

कारण त्या घरात एक नियम होता. मैदानावर जोडी जमली की टीव्हीसमोरच्या माणसानं जागा सोडायची नाही. विकेट पडली की उठा, पाणी प्या, लघवीला जा, काय हवं ते करा; पण जोडी टिकेपर्यंत जो जिथं बसला तो तिथंच. नियम बाळारामनंच केलेला. दोन वर्षांमागं ऐन रंगात तो कंटेनरवाल्याशी बोलायला उठला होता आणि दारापर्यंत पोचायच्या आत स्टंप उडाला. अनंतानं महिनाभर त्याला गावात तोंड वर काढू दिलं नव्हतं. "आमच्या दादानं देशाला हरवला," असं तो राहनाळच्या नाक्यावर ज्याला-त्याला सांगे. तेव्हापासून बाळाराम नियमाला असा चिकटला, जशी खडकाला कालवं चिकटावीत.

दत्तोपंतांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. एकतीस वर्षं भिवंडीत त्यांनी गणित शिकवलं होतं. पण विश्वास नसूनही पाळाव्या अशा गोष्टी माणसाला म्हातारपणी फार जवळच्या होतात. बायको सुचेता गेल्यापासून बाजारपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवसभर शेजारच्या लूमचा खटखटाट तेवढा सोबतीला असे. कसोटी असली की मात्र पाच दिवस ते रिक्षानं राहनाळला यायचे. बाळारामच्या दिवाणखान्यात खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची, मधला सोफा बाळारामचा, खाली गादीवर लोळणारा अनंता, बाळारामचा चुलतभाऊ. खिडकीबाहेर पूर्वी भाताची खाचरं होती. आता निळ्या पत्र्याची गोदामं आणि त्यांच्यापुढं लागलेली कंटेनरची रांग. जमिनी गोदामांना गेल्या, माणसं रिकामी झाली, आणि रिकाम्या माणसांना कसोटीइतकं लांबलचक दुसरं काही सापडलं नाही.

"हरतोय आपन," अनंता सकाळपासून सांगत होता. "चेंडू बघा कसा फिरतो. खेळपट्टी हाय का उन्हाळ्यातलं शेत? भेगांत पाय जाईल त्याचा."

"गप रं. जोडी जमलेय," बाळाराम म्हणाला. "कीपर दमाचा हाय. डावखुरा नुसता उभा ऱ्हायला तरी कीपर काढतो धावा. चहाच्या आत शंभरावर आनतो बघ."

"दोनशे एकवीस हायत, दादा. देवळातल्या पायऱ्या न्हायत मोजत चढायला."

"मास्तर, तुमी बोला."

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. "अनिर्णित," ते म्हणाले. "चेंडू वळतोय, पण हळू वळतोय. पाहुण्यांचा तो उंच गोलंदाज कालपासून पाय ओढतोय. नवा चेंडू यायला अजून अवकाश आहे. आपण हरणार नाही, आणि जिंकूही शकणार नाही."

अनंतानं लोळल्या लोळल्या हात जोडले. "मास्तरांनी पेपर तपासले तेही असेच. ना पास, ना नापास. सगल्यांना पस्तीस."

बाळाराम इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला एकदा खरंच पस्तीस मिळाले होते, रात्रशाळेत, लग्नानंतर, दत्तोपंतांच्याच हातून. तिथूनच ओळख. चाळीस वर्षांत त्या ओळखीला कधी ताप आला नाही. शिकलेला माणूस म्हणून त्या घरात दत्तोपंतांचा शब्द मोठा होता. सातबारा आला की मास्तर, नोटीस आली की मास्तर, औषधाची चिठ्ठी आली की मास्तर. मास्तर वाचतील, मास्तर सांगतील, मास्तर बोलले म्हणजे झालं.

पाण्याची सुट्टी झाली. जोडी टिकली. बाळारामनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

दत्तोपंतांनी ते पाहिलं.

मागच्या पावसाळ्यात ज्येष्ठ नागरिक संघात एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं होतं. फळ्यावर त्यांनी तीन शब्द लिहिले होते. चेहरा. हात. बोलणं. या तिन्हींतलं एक जरी बिघडलं तरी मिनिटभर थांबू नका, असं ते म्हणाले होते, आणि दत्तोपंतांनी मास्तरी सवयीनं ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. आता ते शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर आले. हात, ते मनात म्हणाले. पण हात तर कुणाचाही भरून येतो. बाळाराम एका कुशीवर रेलून बसलेला आहे. उठवायचं तर नियम मोडायचा, आणि उठला नि विकेट पडली तर? हसू नका. सत्तरीतला, गणित शिकवलेला माणूस हा विचार करत होता, आणि त्याला त्याची लाजही वाटत होती, आणि तरीही तो बसून होता.

साडेअकराला जेवणाची सुट्टी झाली. खेळाडू आत गेले तरी जोडी फुटलेली नव्हती, म्हणजे नियम चालूच. बाळारामच्या बायकोला, पार्वतीला, हे ठाऊक होतं. तिनं ताटं दिवाणखान्यातच आणली. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कांदा.

"बसा, देवांनो, बसा," ती म्हणाली. "तुमी उठलात तर देश बुडंल."

बाळारामनं भाकरी मोडायला हात पुढं केला. बोटं भाकरीवर गेली आणि तिथंच राहिली. त्यानं डाव्या हातानं तुकडा तोडला, कालवणात बुडवला, तो तोंडाशी नेताना थोडं कालवण ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं. त्याला ते कळलं नाही.

पार्वतीची नजर तांदूळ निवडणाऱ्या बाईची. तिच्यातून काही सुटत नसे. ती नवऱ्याशी बोलली नाही. तिनं दत्तोपंतांना विचारलं.

"मास्तर, हाताला काय झालं यांच्या?"

बाळारामनं दत्तोपंतांकडं पाहिलं. ते पाहणं विनवणीचं होतं. उठवू नका मला, जोडी जमलेय.

"मुंग्या आल्यात, वहिनी," दत्तोपंत म्हणाले. "सकाळपासून एका अंगावर बसलाय ना."

"मंग ठीक," पार्वती म्हणाली. तिनं पदरानं नवऱ्याची हनुवटी पुसली आणि ताटं घेऊन आत गेली.

बाळारामची आई, रंगूबाई, जिवंत असताना जात्यावर एक ओवी म्हणायची. तिचा जन्म खाडीकाठचा, घरात होडी होती. दत्तोपंतांनी ती ओवी तिच्याच तोंडून ऐकलेली.

भरती-ओहोटीचं, पानी दिसाया सारखं
कवा फिरलं गं बाई, डोळं माझं पारखं

भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ निपचित पडतं. येत नाही, जात नाही. काठावरच्याला वाटतं, आहे तसंच आहे. आणि त्याच निपचित पाण्याच्या पोटात ओहोटी सुरू झालेली असते. त्या दुपारी राहनाळच्या दिवाणखान्यात तसंच निपचित पाणी भरून होतं. धावा येत होत्या, गडी जात नव्हता. एकशे साठ उरल्या. एकशे चाळीस. पाहुण्यांच्या कर्णधारानं चार माणसं बॅटच्या आसपास उभी केली, पुन्हा मागं नेली, पुन्हा जवळ आणली.

"आता बोल," बाळाराम अनंताला म्हणाला. "आता बोल ना, कु... कु..."

"कोन कु? मी अनंता."

"कुमार," बाळाराम म्हणाला. कुमार त्याच्या धाकट्या भावाचं नाव. तो वारून वीस वर्षं झाली होती.

"दादाची जीभ भाकरीसंगं पोटात गेली," अनंता म्हणाला, पण या वेळी तो एकटाच हसला, आणि अर्ध्यात थांबला.

बोलणं, दत्तोपंत मनात म्हणाले. त्यांनी मान वळवून बाळारामचा चेहरा पाहिला. मिशीची उजवी बाजू किंचित खाली आली होती. की खिडकीतून ऊन तसं पडत होतं? ते खुर्चीत पुढं सरले. "बाळाराम," ते म्हणाले, "जरा हसून दाखव रे."

तेवढ्यात डावखुऱ्यानं चेंडू उचलला. चेंडू उंच गेला. खाली पाहुण्यांचा माणूस धावत आला, हात पसरले, आणि चेंडू त्याच्या हातातून निसटून गवतावर पडला. तिघांचाही श्वास एकदमच सुटला. अनंता गादीवर पालथा पडला. बाळारामच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. सुटला, वाचला, जोडी वाचली. आणि त्या सुटकेच्या लाटेत दत्तोपंतांच्या ओठांवर आलेलं वाक्य परत आत गेलं.

चहापर्यंत, त्यांनी ठरवलं. चहाला सव्वादोन वाजता खेळ थांबेल, तेव्हा उठवू. जोडी टिकलेली असली तरी उठवू. त्यांनी मनाशी हे अगदी निक्षून ठरवलं आणि त्यांना बरंही वाटलं. चांगलं काम पुढच्या तासाला टाकलं की माणसाला ते केल्यासारखंच वाटतं.

दोनला पाच कमी असताना बाळाराम सोफ्यावरून उजव्या बाजूला कलला. झाड कलतं तसा, सावकाश. अनंतानं त्याला धरलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे उघडे होते आणि त्यांत सगळं समजत होतं. एकशे चार धावा हव्या होत्या. जोडी टिकलेली होती.

राहनाळहून भिवंडीतलं हॉस्पिटल किती लांब? मोकळ्या रस्त्यानं पंधरा मिनिटं. पण रस्ता मोकळा कधी नव्हताच. अनंतानं गाडी काढली, मागं पार्वतीच्या मांडीवर बाळारामचं डोकं, पुढं दत्तोपंत. एक ट्रेलर आडवा लागला होता. ड्रायव्हर खाली उतरून हिंदीत हातवारे करत होता, अनंता हिंदीत शिव्या देत होता, पार्वती काहीच म्हणत नव्हती. ती नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा, जात्याच्या लयीत. दत्तोपंत घड्याळ बघत होते. त्यांना का बघतोय ते कळत नव्हतं. मग कळलं. त्या व्याख्यानात वेळेबद्दलही एक वाक्य होतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी ते पोचले. स्ट्रेचर, मशीन, मेंदूचा फोटो. तीन वीसला एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. केस मागं घट्ट बांधलेले, आवाज शांत.

"रक्ताची गुठळी आहे," ती म्हणाली. "आत रक्तस्राव नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्त फुटू शकतं, माणूस हातचा जातो. म्हणून मला नक्की वेळ सांगा. कधी सुरू झालं?"

"दोन वाजता," अनंता म्हणाला. "दोनला पाच कमी. आमी समोरच होतो."

"त्याआधी काही नाही? हात, पाय, बोलणं?"

अनंतानं दत्तोपंतांकडं पाहिलं. पार्वतीनंही. ती नेहमीसारखंच पाहत होती, मास्तर सांगतील म्हणून.

दत्तोपंतांच्या डोक्यात वजाबाकी आपोआप झाली. दहा वीसपासून तीन वीस. पाच तास. साडेचारच्या पुढं तीस मिनिटं. तीस मिनिटं म्हणजे काय? शाळेचा एक तासही नाही. ही साडेचारची रेघ कुणी आखली, आणि पलीकडचं सगळं मरण नि अलीकडचं सगळं जगणं, असं थोडंच असतं? अनंताच्या बोलण्यावर गप्प राहिलं तर इंजेक्शन मिळेल. कदाचित लागू पडेल. कुणाला काही कळणारही नाही. आणि गप्प राहणं त्यांना जमत होतं; सकाळपासून त्यांनी तेवढंच केलं होतं. पण मेंदूत रक्त फुटलं तर? तर बाळारामला ते आपल्या गप्प बसण्यानं दुसऱ्यांदा मारतील. दोन्हीकडून सारखंच बोलता येईल अशी जागा इथं नव्हती. इथं पस्तीस देऊन सोडता येत नव्हतं.

"दोनला नाही," ते म्हणाले. आवाज त्यांना दुसऱ्याचा वाटला. "दहा वीसला. सकाळी. पाण्याच्या सुट्टीच्या आधी. हात जड झाला म्हणाला. जेवताना बोटं वळत नव्हती. बाराच्या पुढं नाव चुकलं, तोंडही थोडं... मी पाहिलं होतं."

डॉक्टरणीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "नक्की दहा वीस?"

"नक्की."

"मग इंजेक्शन नाही देता येणार," ती म्हणाली. "सांगितलंत ते बरं केलंत. ठाण्याला हलवू, तिथं तार घालून गुठळी काढता येते का ते बघतील. पण आशा फार धरू नका." आणि ती आत वळली.

अनंता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तो हळूच म्हणाला, "मी सांगितलं होतं बूड हलवू नको म्हनून."

पार्वती बाकावर बसली होती. तिनं बराच वेळ दत्तोपंतांच्या चपलांकडं पाहिलं. मग ती बोलली, अगदी साधं, भाजीचा भाव विचारावा तसं.

"मास्तर, मी जेवताना इचारलं होतं तुमाला."

"हो, वहिनी."

"तुमी बोल्लात मुंग्या."

"हो."

"डाक्टरनीला खरं सांगितलं. मना न्हाय सांगितलं." ती पदराचं टोक गुंडाळत राहिली. "मना सांगितलं असतं तर मी फरफटत नेलं असतं यांना. मना काय तुमची मॅच."

दत्तोपंत उभे होते. बसायला जागा होती, पण त्यांना बसवलं नाही. थोड्या वेळानं ते ठाण्याला निघाले तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं फोनवर धावतं वर्णन लावलं होतं. ठाण्याच्या वाटेवर, खाडीपूल ओलांडताना, मॅच संपल्याचं त्यांच्या कानावर आलं. अनिर्णित. शेवटचा गडी उरला होता आणि अकरा धावा कमी पडल्या. त्यांचं भाकीत खरं ठरलं होतं.

ठाण्यात तार घालण्याची वेळही उलटलेली निघाली. जीव वाचला. उजवं अंग वाचलं नाही, आणि वाचा वाचली नाही. तीन आठवड्यांनी बाळाराम घरी आला तेव्हा त्याच्या जिभेवर एकच शब्द उरला होता. न्हाय. भूक लागली का, न्हाय. दुखतंय का, न्हाय. पार्वती दिसली की आनंदानं, न्हाय. रडताना, न्हाय. सगळ्या शब्दांचं धान्य सांडून गेलं आणि सुपात हा एक दाणा अडकून राहिला.

दत्तोपंत दीड महिना राहनाळला गेले नाहीत. मग एक दिवस अनंता त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "वहिनीनं बोलावलंय," एवढंच म्हणाला.

पार्वती ओसरीवर मूग निवडत बसली होती. तिनं त्यांना या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"बोलनं शिकवनाऱ्या बाई येतात सोमवारी," ती म्हणाली. "त्या बोल्ल्या, रोज दोन तास कोनीतरी समोर बसून एक एक शब्द बोलून घ्यायचा. बालवाडीसारखं. वरीस लागंल, दोन लागतील, न्हाय तर जमायचं बी न्हाय. मना येळ न्हाय. अनंताला दम न्हाय." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुमाला शिकवता येतं. रोज यायचं. मी तुमाला माफ करनार न्हाय, मास्तर. माझ्याच्यानं व्हनार न्हाय ते. पन यायचं तुमीच."

"येईन," दत्तोपंत म्हणाले.

"आजपासून."

ते आत गेले. बाळारामला मागच्या खोलीत पलंगावर उशांना टेकवून बसवलं होतं. गाल बसले होते, मिशी कुणीतरी कापून टाकली होती. दत्तोपंतांना पाहताच त्याचे डोळे भरून आले. राग होता की ओढ, ते त्यांना वाचता आलं नाही, आणि ते विचारायचा हक्कही त्यांना नव्हता.

"न्हाय," बाळाराम म्हणाला.

दत्तोपंत स्टुलावर बसले. बाजूच्या टेबलावरचा स्टीलचा पेला त्यांनी उचलला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"पाणी," ते म्हणाले.

बाळारामनं पेल्याकडं पाहिलं. ओठ एकमेकांवर आले, दाबले गेले. कपाळावरची शीर फुगली. ओठ उघडले.

"न्हाय."

त्यानं स्वतःच मान हलवली, चुकलं म्हणून. बाहेर पार्वतीचं सूप थांबलं होतं. ती ऐकत होती.

"पाणी," दत्तोपंत पुन्हा म्हणाले, आणि थांबून राहिले, त्याला लागेल तेवढा वेळ.